टेबलाखालची वायर

सांगली,
रविवार, 12 एप्रिल

प्रिय दोस्ता,

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात एका टेबलाखाली पालथा पडलो होतो, म्हणून उचलला नाही. नंतर फोनवर सांगता आलं असतं, पण हे सगळं सविस्तर सांगायचं होतं आणि तुझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. म्हणून लिहायला बसलोय.

हळदीची एक अडतपेढी आहे, नाव नको. सध्या हंगाम, रोज सौदे. बारा-पंधरा कॉम्प्युटर, वजनकाट्याचा एक वेगळा, सहा कॅमेरे आणि मागच्या खोलीत टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर. तक्रार अशी की सकाळी अकराच्या सुमारास सगळं बसतं. टॅलीची स्क्रीन अडकते, काट्याची पावती निघत नाही, बाहेर शेतकरी हिशेबाच्या पट्टीसाठी ताटकळत उभे. दुपारी अडीचला आपोआप सुरळीत. महिनाभर हेच चाललेलं.

मार्चमध्ये पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी घाईत होतो. इंटरनेटची लाइन अपुरी पडतेय, दुसरी घ्या, एवढं सांगून निघालो. त्यांनी घेतली. काडीचा फरक पडला नाही. मग शेठनी स्वतःच ठरवून टाकलं की पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात म्हणून नेट पुरत नाही. पावत्या करणारी एक मुलगी आहे, बुधगावहून एसटीनं येते. तिला सगळ्यांदेखत नको ते बोलले, आणि सगळ्यांचे फोन कपाटात कुलूपबंद. गुरुवारी मी गेलो तर तिनं हळूच येऊन विचारलं, "दादा, फोन बंद करून आठ दिवस झाले. मग आजपण अकराला का गेलं?"

मला फार लाज वाटली रे. जो प्रश्न पहिल्या दिवशी मी विचारायचा, तो तिनं विचारला. टॅलीचा सर्व्हर भिंतीपलीकडे आहे, तिथं पोचायला इंटरनेट लागतच नाही. फोनमुळे बाहेरची लाइन तुंबली असती, टॅली कशाला अडकेल?

मग मी बसलो. राउटरला पिंग लावला, म्हणजे 'आहेस का?' असं विचारत राहिलो; 192.168.1.1, जेमतेम तीस फुटांवर. एरवी एक मिलिसेकंदात उत्तर देणारा राउटर कधी आठशे मिलिसेकंद घेत होता, कधी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे दुखणं घरातलंच. इंटरनेटवाल्यांना महिनाभर उगाच शिव्या बसल्या होत्या. ऑफिसातल्या सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या मोठ्या स्विचजवळ गेलो. त्यावर हळदीची पिवळी धूळ इतकी बसलेली की बोट फिरवलं तर रेघ उठली. त्या धुळीखालून सगळे हिरवे दिवे एकदम, एका लयीत, श्वास न घेता लुकलुकत होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले, तरी दिवे तसेच. बोलणारं कुणी नाही आणि गोंगाट चालूच. तारेतून काय धावतंय ते दाखवणारं वायरशार्क लावलं. एकच एआरपीची हाक, "अमुक पत्ता कुणाचा?", तीच ती, अक्षर न बदलता, सेकंदाला हजारोंनी.

तुला ठाऊकच आहे, इंटरनेटवरून जाणाऱ्या आयपीच्या पाकिटाला टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो; प्रत्येक राउटरवर तो एकानं उतरतो आणि शून्याला पाकीट मरतं. ऑफिसातल्या तारांत ते ज्यात गुंडाळून जातं त्या इथरनेटच्या फ्रेमला तशी सोयच नाही. वाटेत वर्तुळ सापडलं की ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून दिलेली हाक, फिरतच राहतो, आणि प्रत्येक फेरीत स्विच तो बाकीच्या सगळ्या पोर्टांतून पुन्हा ओततो. शंभर एमबीपीएसच्या तारेत सगळ्यात लहान फ्रेम सेकंदाला सुमारे 1,48,000 मावतात. तेवढ्या गर्दीत काट्याची बिचारी पावती जाणार कुठून?

तेव्हा आठवली आपली मंडळाची माळ. एक दिवा गेला की अख्खी माळ बंद, आणि तू एकेक दिवा काढून बघू द्यायचा नाहीस. टेस्टर मधोमध, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. मी स्विचच्या अर्ध्या वायरी काढल्या. गोंगाट तसाच. उरलेल्यांतल्या अर्ध्या काढल्या आणि दिवे एकदम शांत झाले. त्या परत एकेक जोडत गेलो. तिसरी जोडताच पुन्हा तेच. ती वायर जात होती सौद्याच्या मुनीमांच्या टेबलाकडे.

तिथंच मी पालथा पडलो होतो. टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा स्विच. त्यातून मुनीमांच्या लॅपटॉपसाठी एक वायर वर येते. अकराला मुनीम लॅपटॉप घेऊन सौद्याला जातात. वायरचं टोक लोंबकळतं, धूळ खातं, कुणाच्या पायात येतं. ऑफिसातला शिपाई, साठीचा, अतिशय टापटिपीचा माणूस. तो ते टोक उचलून त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात नीट खोचून ठेवायचा. अडीचला मुनीम परतले की टोक काढून लॅपटॉपला लावायचे. एवढंच! महिनाभराचा खोळंबा, दुसऱ्या लाइनचा खर्च आणि त्या पोरीचा अपमान, सगळं त्या दोन हात वायरीत होतं.

रेडिया पर्लमन यांनी 1985 साली यावरच तर स्पॅनिंग ट्री काढलं, असं वर्तुळ ओळखून एक वाट बंद करणारं. मोठ्या स्विचमध्ये ते होतंही, पण कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेलं. ते चालू केलं, ब्रॉडकास्टला मर्यादा घातली आणि शेठना समोर उभं करून मुद्दाम ती वायर पुन्हा तशीच खोचली. मोठ्या स्विचनं तो एक पोर्ट बंद केला. मुनीमांचं टेबल तेवढं तुटलं, काट्यावर पावत्या निघत राहिल्या.

शेठ गप्प झाले. त्यांच्या वडिलांची हरिपुरात हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, होती. मी म्हटलं, "पेव उघडल्या उघडल्या तुम्ही कुणाला आत उतरू देत नव्हता ना? आधी आतली कोंडलेली विषारी हवा जाऊ द्यायची. इथं मात्र न बघताच माणसावर आलात." हे जरा जास्तच बोललो, पण मला राहवलं नाही. माझीही पहिली चूक त्यांना तिथंच सांगितली आणि गुरुवारचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी कपाट उघडून फोन दिले. त्या मुलीला म्हणाले, "तुझं काही नव्हतं गं." सगळ्यांदेखत म्हणाले, हे बरं झालं. शिपाईमामा मात्र हिरमुसले होते. त्यांच्यासाठी टेबलाच्या कडेला एक हूक ठोकला आणि वायरच्या टोकाला रबरी टोपी घातली. आता ते टोक त्या हुकातच अडकवतात.

एक काम राहिलंय. गोदामाचा कॅमेरा अधूनमधून जातो. वायर मोजली तर 130 मीटर भरली, आणि तांब्याच्या केबलची हद्द 100. मधे एक स्विच टाकावा की सरळ फायबर ओढावी? मधली जागा पत्र्याखालची आहे, उन्हात तापते, धूळ तर विचारू नकोस. माझा कल फायबरकडे आहे. तू पुण्यात रोज हेच करतोस, तेव्हा काय ते कळव. मे महिन्यात येशील तेव्हा जागाच दाखवतो. भडंग बांधून ठेवायला सांगितलंय.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
सांगलीकर