किमान आवृत्तीची ओळ विचारपूर्वक लिहावी

मा. संपादक महोदय,

सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा सर्रास आधार घेतात. त्यात वारंवार येणाऱ्या एका अडचणीकडे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

सी किंवा सी++ मधील सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बिल्ड करायला, म्हणजे चालवण्याजोगे तयार करायला, अनेकदा सीमेक (CMake) हे साधन लागते. प्रकल्पाच्या सीमेक-फाईलमध्ये अगदी सुरुवातीला त्याची किमान कोणती आवृत्ती हवी ते लिहिलेले असते. आमच्या प्रयोगशाळेत उबुंटू १८.०४ ही संगणकप्रणाली आणि त्यासोबत आलेले सीमेक ३.१० आहे (बिंदूनंतरचा आकडा इथे दहा असा वाचायचा, म्हणून ३.१० ही ३.५ च्या नंतरची आवृत्ती). मध्यंतरी विद्यार्थ्यांनी आलेख काढणारी एक छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) उतरवून घेतली, पण तिच्या सीमेक-फाईलमध्ये किमान आवृत्ती ३.२५ लिहिलेली असल्याने काम पहिल्याच पायरीवर अडले. फाईल वाचून पाहिली, तर तीत सोर्स फाईलींची यादी आणि इन्स्टॉल करण्याची जागा यांपलीकडे काही नव्हते. आकडा बदलून ३.१० केला आणि लायब्ररी विनातक्रार तयार झाली. लेखकाच्या लॅपटॉपवर त्या दिवशी जी आवृत्ती होती, तीच तिथे लिहिली गेली असावी.

नवे सीमेक पिपने (पायथनची पॅकेजे उतरवून घेणाऱ्या साधनाने) घेता येते, हे मान्य. परंतु तालुक्याच्या ठिकाणी मंद इंटरनेटवर, सगळ्या यंत्रांवर, ऐन सत्रात ते करणे सोपे नसते, आणि ज्याची गरजच नाही त्यासाठी ते का करावे? सुरक्षेसाठी प्रणाली अद्ययावत व्हायला हवी, याबद्दल वाद नाही, उबुंटू १८.०४ ला नियमित सुधारणा मिळणे २०२३ मध्येच थांबले. मात्र तो निर्णय आणि खर्च संस्थेचा असतो, आणि तोवर विद्यार्थ्याचे काम अडू नये.

आकडा कधीच वाढवू नये, असे माझे म्हणणे नाही. बाहेरचे कोड आपोआप आणणारी, ३.१४ मध्ये आलेली सोपी आज्ञा खरोखर वापरली असेल, तर ३.१४ लिहिणेच प्रामाणिकपणाचे आहे. जुना आकडा वर्षानुवर्षे तसाच ठेवणेही बरे नाही: मार्च २०२५ मधील सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे २.८ लिहिलेले कित्येक चांगले प्रकल्प नव्या यंत्रांवर अडू लागले. यावरचा उपाय सीमेककर्त्यांनीच ३.१२ मध्ये दिला आहे. किमान आकड्यापुढे तीन टिंबे देऊन, ज्या आवृत्तीपर्यंत प्रकल्प तपासला आहे तिचा आकडा लिहायचा, जसे ३.१०...३.३१. ही रचना अशी बेतली आहे की ३.१२ पूर्वीचे सीमेक टिंबांपुढचा भाग सोडून देते आणि मुकाट्याने काम करते. जुन्यांचा विचार करून नवी सोय कशी आणावी, याचा हा उत्तम नमुना आहे.

लिहिलेला किमान आकडा खराही असला पाहिजे. ३.१० लिहून पुढे ३.२० मधली सोय वापरली, तर चूक अर्ध्यावर आणि अनाकलनीय रूपात समोर येते. यासाठी स्वयंचलित चाचण्यांत एक चाचणी त्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर चालवावी. जुन्या उबुंटूचा कंटेनर (त्याच यंत्रावर वेगळी चालणारी छोटी प्रणाली) त्याला पुरतो.

आपल्या भागातील महाविद्यालयांनी प्रकल्पांचे मूल्यमापन करताना, लिहिलेल्या किमान आवृत्तीवर प्रकल्प बिल्ड होतो का, हे पाहून त्याला थोडे गुण ठेवावेत, अशी विनंती आहे.

आपला,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक,
विटा, जि. सांगली