माथ्याची उंची म्हणजे चढ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वासोट्याच्या भटकंतीवर लेख आला होता. लेख छानच होता, जंगलाचे वर्णन तर मी दोनदा वाचले. एका वाक्यापाशी मात्र अडखळले. लेखकाने गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची दिली आणि पुढच्याच ओळीत ‘एवढी चढाई करून माथा गाठला’ असे लिहिले. त्याच्या आधीच्या परिच्छेदात हीच मंडळी बामणोलीहून होडीने पलीकडच्या काठाला लागली होती. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पूर्ण भरला की त्याचे पाणी समुद्रसपाटीपासून ६५९.४३ मीटरवर असते. पाणी थोडे उतरलेले धरले, तरी होडीत बसून शेंगदाणे खात असतानाच ही मंडळी सहाशे मीटरच्या वर होती. ते मीटर कोणाच्या पायांनी चढलेले नाहीत. गाडी साताऱ्याहून कासच्या पठारावर चढली आणि तिथून उतरून बामणोलीला आली, एवढाच त्यांचा हिशेब. गडाचा खरा चढ काढायचा तर माथ्याच्या आकड्यातून पाण्याची पातळी वजा करावी लागते.

मी पाटबंधारे खात्यात ३३ वर्षे अनुरेखक होते. आताच्या मुलांना हे पद सांगितले तर कळत नाही. सर्वेक्षणाची पथके शेतातून, ओढ्यातून पातळ्या, म्हणजे जागोजागच्या उंचीचे ठिपके, घेऊन यायची. त्या ठिपक्यांवरून आरेखक शिसपेन्सिलीने कंटूर काढायचे आणि आम्ही त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून ते शाईने उतरवायचो. चुकले तर ब्लेडने हलकेच खरडायचे, कापडाला भोक पडता कामा नये. एकाच उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषांना पुस्तकात समोच्च रेषा म्हणतात. ऑफिसात मात्र मी कोणाच्या तोंडून कंटूरखेरीज दुसरा शब्द ऐकला नाही.

१९८३ साली, नोकरीला लागून तीन महिने झाले असतील, मला पहिल्यांदा ठिपक्यांवरून कंटूर ओढायला दिले. मी मन लावून काढले आणि मुख्य आरेखकांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “बाई, तुमच्या नकाशात ओढा डोंगर चढतोय.” ओढ्यावर रेषेचे टोक ज्या बाजूला यायला हवे त्याच्या बरोबर उलट्या बाजूला मी काढले होते. त्या दिवशी सगळ्यांचे हसून झाले, पण नियम का तसा आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळले, तेही शिवसागराच्याच काठावर.

मे महिन्यात बामणोलीला गेलात तर काठ बघा. पाणी उतरत जाते तसे लाल मातीवर एकाखाली एक पट्टे उमटतात. पाणी जिथे काही दिवस टेकले, तिथे एक पट्टा. पाण्याची कड सगळीकडे एकाच पातळीला असते, म्हणून तो पट्टा म्हणजे निसर्गाने जमिनीवरच काढलेला कंटूर. आता जिथे ओढा येऊन मिळतो तिथे काय दिसते? पाणी ओढ्याच्या खोबणीत आत शिरलेले असते, म्हणून पट्टाही आत, वरच्या बाजूला टोक करून जातो. जिथे डोंगराची सोंड पाण्यात उतरते तिथे पट्टा तिला वळसा घालून बाहेर येतो. नकाशावर अगदी हेच असते. रेषेचे टोक मोठ्या आकड्याकडे असेल तर ती घळ, लहान आकड्याकडे असेल तर सोंड. कडा पाण्यात सरळ उतरतो तिथे पट्टे एकमेकांना चिकटलेले असतात. शेतजमीन हळूहळू पाण्यात जाते तिथे ते पसरतात.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण घरचेच आहे. चार वर्षांपूर्वी भर सप्टेंबरात माझा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र आमच्याच जिल्ह्यातल्या एका गडावरून उतरताना वाट चुकले. फोनमध्ये पायथ्याचे गाव सरळ रेषेत ९०० मीटरवर दिसत होते. फोनवर कंटूरही होते. रेषांची टोके डोंगराकडे निमुळती होत गेलेली बघून त्याला वाटले, ही धार आहे, हिच्यावरून उतरू. ती घळ होती. तासाभरात ते अशा जागी आले, की खाली उतरता येईना आणि आलेल्या निसरड्यावरून वरही जाता येईना. रात्र एका कपारीत भिजत काढली. सकाळी गावातल्या दोघा गुराख्यांनी दोर लावून त्यांना बाहेर काढले. चहा पाजून वर म्हणाले, “या नाळेत आमच्या शेळ्यापण नाय जात.”

तो घरी आल्यावर मी त्या भागाचे टोपोशीट काढले आणि भिंगाखाली धरले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० मापाच्या नकाशात दोन तपकिरी रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे एका जाड रेषेपासून दुसऱ्या जाड रेषेपर्यंत १०० मीटर. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. आता पट्टी लावा. दोन जाड रेषांत एक सेंटिमीटर अंतर असेल तर ५०० मीटर चालल्यावर १०० मीटर चढ, हा गाडीवाटेपेक्षा उभा पण चालता येण्यासारखा. दोनच मिलिमीटर असेल तर १०० मीटर आडवे आणि १०० मीटर उभे, म्हणजे ४५ अंश. तिथे पायांबरोबर हातही लागतात, आणि ते उन्हाळ्यात. पुतण्या ज्या ९०० मीटरच्या भरवशावर निघाला होता, त्यात मी २३ रेषा मोजल्या. त्यांतल्या नऊ तर एकमेकींना खेटून होत्या. तो बघत राहिला आणि म्हणाला, “काकू, हे फोनमध्येपण होतं.” होतेच. रेषा होत्या, पण त्याने त्या मोजल्या नव्हत्या.

एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली, ती इथेही सांगते. दोन रेषांमधल्या २० मीटरमध्ये काय आहे हे नकाशा सांगत नाही. अठरा मीटरचा सरळ कडा, म्हणजे सहा मजली इमारत, दोन रेषांच्या मध्ये लपून जाऊ शकतो. आपला सह्याद्री बेसाल्टच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. असे लपलेले कडे त्यात पुष्कळ. मोठ्या कड्यांना नकाशात खडकाची वेगळी खूण असते, लहानांना नसते. म्हणून कंटूर वाचता आले तरी गावातला माणूस बरोबर असलेला बरा.

रेषेवरून आठवले. एका मध्यम धरण प्रकल्पाची बुडीत रेषा, म्हणजे पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीची हद्द, मी १:५००० मापावर उतरवली होती. अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात येऊन विचारत होते, की माझी पडवी रेषेच्या बाहेर आणि माजघर आत, असे कसे? त्यांना काय उत्तर द्यावे हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. आकडा छापताना आपण कसला आकडा छापतोय हे बघावे, अशी सवय मला तेव्हापासून लागली. म्हणून हे पत्र.

समुद्रसपाटीपासूनची उंची चुकीची नाही, ती उपयोगाचीच आहे. तिचा शून्य ठरवायला नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदी लागल्या, १९०९ साली तो पक्का झाला, आणि त्या नऊ बंदरांत मुंबईही होती. वासोट्याच्या आकड्यात मुंबईच्या समुद्राचाही वाटा आहे, याची मला अजून गंमत वाटते. पण चालणाऱ्या माणसाला समुद्रापासून सुरुवात करायची नसते. हाच गड कोकणातल्या चोरवण्याहून नागेश्वरमार्गे चढायचा म्हटला, तर सुरुवात शिवसागराच्या काठापेक्षा कितीतरी खालून होते. माथ्याचा आकडा तोच, दम दोन्हीकडे वेगळा. राजमाचीचेही तेच. लोणावळ्याहून जाणारा जवळजवळ सपाटीने चालत जातो, कारण लोणावळाच सहाशे मीटरच्या वर आहे. कर्जतकडून कोंदिवड्याहून चढणारा घामाघूम होऊन पोचतो. दोघेही घरी येऊन राजमाचीची एकच उंची सांगतात.

माझी विनंती छोटी आहे. गडकिल्ल्यांवरच्या प्रत्येक लेखात माथ्याच्या उंचीशेजारी पायथ्याच्या गावाची उंची आणि दोन्हींतला फरक छापावा. २००५ च्या नकाशा धोरणानंतर हे नकाशे सर्वसामान्यांसाठी खुले झाले आहेत आणि सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातला वाटेपुरता तुकडा लेखासोबत देता आला तर उत्तमच. शीट जुने असेल तर आकडे फुटांत आहेत की मीटरमध्ये हे आधी तळाशी बघावे. एक इंच-एक मैलाच्या जुन्या शीटवरचे फूट मीटर म्हणून छापले तर वासोटा हिमालयात जाऊन बसेल.

वासोट्याची दुरुस्ती तर आपल्याला घरबसल्या करता येईल. कोयनेची पातळी आपण रोज तिसऱ्या पानावर देताच. लेखक ज्या दिवशी गेले त्या दिवशीचा आकडा काढा. तो फुटांत असेल, त्याला ०.३०४८ ने गुणा. वजाबाकी हवी तर मी करून पाठवते.

आपली,
एक निवृत्त अनुरेखक, सातारा