मेडलवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

ओळख लागत नसेल तर सांगते. सप्टेंबरच्या भर पावसात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढणीखाली धरून कॅम्पातल्या तुमच्या दुकानात शिरलेली बाई, ती मी. तुमचं जेवण चाललं होतं. डब्यात काय आहे ते सांगितल्यावर तुम्ही हातातला घास तसाच ठेवलात, मोरीवर जाऊन साबणानं हात धुतलेत, टॉवेलला कोरडे केलेत आणि मग म्हणालात, "हां ताई, आता उघडा."

त्या दिवशी मी आभारसुद्धा धड मानले नाहीत. पैसे दिले आणि पळाले. आणखी दोन मिनिटं थांबले असते तर तिथंच रडू फुटलं असतं, आणि गणवेशाचं माप द्यायला एक तरुण कॅप्टन आरशासमोर उभा होता. त्याच्यादेखत नको वाटलं. म्हणून हे पत्र. आणि ते असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्याआधी तो डबा घेऊन मी जिथं जिथं गेले, त्यांच्याही कानावर जावं. जाणार नाही, ठाऊक आहे. पण माझ्या मनातून तरी जाईल.

पहिला तो फ्रेमवाला. माझ्या वडलांना, आबांना जाऊन वर्ष झालं होतं, त्यांची मेडलं मखमलीवर लावून फोटोशेजारी टांगायची, एवढीच इच्छा. त्यानं डबा उघडला, १९७१ च्या युद्धातल्या संग्राम मेडलची रिबिन दोन बोटांत चोळली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मॅडम, ही पट्टी डुप्लिकेट आहे. मेडलं तरी ओरिजिनल आहेत ना? हल्ली ऑनलाइन सगळं मिळतं." एकदोघं हसले. मी झाकण लावलं आणि बाहेर पडले. राग त्याचा कमी आणि स्वतःचाच जास्त आला. कारण त्याला काय उत्तर द्यायचं तेच मला माहीत नव्हतं. पट्टी खरी की खोटी, मला तरी कुठं कळत होतं?

मग एक कार्यालय झालं. नव्या रिबिनी कुठं मिळतात एवढंच विचारायचं होतं. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "ज्यांची मेडल आहेत त्यांना स्वतः यायला सांगा." मृत्यूचा दाखला फायलीत सगळ्यात वर होता. पुढचं लिहीत नाही, खिडक्यांच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात.

आणि लोकांना कशाला नावं ठेवायची, आमच्या सोसायटीनंही आबा असतानाच एकदा कमाल केली होती. २६ जानेवारीला त्यांना शाल-श्रीफळ दिलं, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या पोरानं माइकवरून सांगितलं, "कारगिलमध्ये शत्रूला पाणी पाजणारे आपले काका!" आबा पेन्शनीत आले १९८३ साली. कारगिल झालं १९९९ ला. मी उठून सांगणार होते, त्यांनी डोळ्यांनीच बसवलं. घरी आल्यावर आईच्या हातात नारळ देत म्हणाले, "नारळ बाकी पाणीदार हाय."

आबा तसे बोलायचेच नाहीत, चाचा. सातारा तालुक्यातून अठराव्या वर्षी बेळगावच्या सेंटरला गेले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत लागले, नाईक म्हणून निवृत्त झाले आणि नंतर पुण्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बावीस वर्षं उभे राहिले. लढाईचा विषय निघाला की उठून चपला सारख्या करायचे. आमच्या दारातल्या चपला कायम एका रेषेत. कधी बोललेच तर दगडांबद्दल.

"त्या मुलखात दगूडच न्हाई गं," म्हणायचे. "मोर्चा खणाय घेतला की हातभर खाली पाणी. चूल मांडाय तीन दगडं हुडकशील, तर ती न्हाईत." कातळात वाढलेल्या माणसाला ह्याचंच नवल जास्त. दुसरी गोष्ट बैलगाडीची. सामान वाहायला तिथल्या गाड्या घेतल्या होत्या, आणि शेतकऱ्याचा पोरगा म्हणून एक गाडी हाकायचं काम ह्यांच्यावर आलं. "गाडी हाकायला नगं म्हणून फौजंत पळालो, तर फौजंतबी गाडीच." एवढं सांगून स्वतःच हसायचे. ह्या दोन गोष्टींपलीकडं आमच्या घरात १९७१ चं, बांगलादेशचं युद्ध नव्हतंच. १९९८ साली पुणेकरांच्या वर्गणीतून दक्षिण कमांडचं युद्धस्मारक उभं राहिलं, तेव्हापासून दर १६ डिसेंबरला सकाळी एकटे बसनं तिकडं जायचे. मेडलं कोटाच्या खिशात. छातीवर लावून बसमध्ये बसायची लाज वाटायची म्हणे.

तर तुमचं दुकान. तुम्ही पांढरं फडकं अंथरलंत आणि चारही मेडलं ओळीनं मांडलीत. पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, नऊ वर्षांच्या सेवेचं. हाच क्रम, म्हणालात, ह्यात पुढंमागं होत नाही. मी आपलं शहाणपणानं सांगितलं, घासून चकचकीत करून द्या. तर दचकलात. "घासायचं नाही ताई. काठावरचं नाव जाईल."

नाव? काठावर?

तुम्ही शिंपीकामाचा पांढरा खडू संग्राम मेडलच्या कडेवर फिरवलात, अंगठ्यानं पुसून घेतलात, आणि कोरलेल्या खाचांत पांढरी अक्षरं उभी राहिली. भिंग डोळ्याला लावून तुम्ही वाचायला लागला होता, मग थांबलात आणि भिंग माझ्याकडं सरकवलंत. "तुम्हीच वाचा." आधी नंबर होता. शेवटचे चार आकडे ३८१७. चाचा, हे चार आकडे आमच्या ट्रंकेवर आहेत, छत्रीच्या दांड्यावर आहेत, माझ्या शाळेच्या डब्याच्या झाकणावर आबांनी खिळ्यानं कोरलेले आहेत. मी पन्नास वर्षं समजत होते की तो भांड्यांच्या दुकानाचा नंबर असणार.

"पलटण कोणती?" तुम्ही विचारलंत.

"जंगी."

"म्हणजे जमालपूर," तुम्ही म्हणालात आणि सुईत दोरा ओवायला घेतलात.

एवढं सहज म्हणालात, जसं कुणी गाव विचारावं आणि शेजारच्या आळीतलं निघावं. हा शब्द मी घरात एकदाही ऐकला नव्हता. त्या रात्री जागून वाचत बसले. आपल्या ९५ माउंटन ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी ९ डिसेंबरला आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्याला शरण येण्याबद्दल पत्र धाडलं, आणि लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ठाण्यातली फौज वेढा फोडून ढाक्याकडं निघाली. शहराच्या दक्षिणेला, त्यांच्या वाटेवर, जंगी पलटण मोर्चे खणून बसली होती. हातभर खाली पाणी लागणारे मोर्चे. आबा दगडांबद्दल बोलायचे तेव्हा कुठल्या रात्रीबद्दल बोलत होते, ते मला आता, पन्नाशीत कळलं. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. पुढं टांगाईलला विमानांतून छत्र्यांनी उतरलेल्या २ पॅरा ह्या पलटणीशी, तीही मूळची मराठा पलटणच, पुंगलीच्या पुलावर गाठ पडली, आणि मग १६ डिसेंबरला ढाका.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. पुस्तकं, माहिती आज ना उद्या मिळालीच असती.

तुम्ही जुन्या रिबिनी उतरवायला घेतल्यात. तीन तर हाताला लागताच सुटल्या, इतक्या कुजल्या होत्या. चौथीशी, संग्राम मेडलच्या लाल पट्टीशी, तुमचा हात थांबला. चष्मा कपाळावर घेऊन तुम्ही ती अगदी डोळ्यांजवळ नेलीत. "ही फौजेची नाही," म्हणालात. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, झालं, आता इथंही ऐकावं लागणार.

"ही शाळेची आहे," तुम्ही म्हणालात. "पोरींच्या वेणीची. आणि शिवण बघा, मशीनची नाही, हाताची आहे. केवढे बारीक टाके. कोणीतरी फार जपून लावलीय."

मग कात्री बाजूला ठेवलीत. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका उसवलात. दुकानात तो कॅप्टन ताटकळत होता, तुमचं जेवण गार होत होतं, आणि तुम्ही बोटभर लांबीची ती विटकी पट्टी बोटांनी सरळ केलीत, घडी घातलीत, बटणं ठेवायच्या छोट्या पिशवीत सरकवलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. "त्या तीन मी टाकतो. ही नाही टाकायची. घरी विचारा."

नव्या रिबिनींचं बिल झालं, त्यात उसवण्याचे पैसे नव्हते. मी विचारलंही, तर तुम्ही मान हलवून त्या कॅप्टनच्या खांद्याचं माप घ्यायला लागलात.

पुण्यातल्या दुकानदारांच्या तुसडेपणाचे विनोद आपण फार कौतुकानं सांगतो. मीही सांगत आलेय, पाहुणे आले की हमखास. आता मला ते नकोसे झालेत. तुसडेपणा करायला अक्कल लागत नाही, वेळही लागत नाही. समोरच्याच्या डब्यातल्या मळक्या चिंधीवर कुणाच्या तरी हाताचे टाके आहेत, हे बघायला मात्र थांबावं लागतं. तुम्ही थांबलात. तुमच्या भिंतीवर 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटी नाही, कसलीच पाटी नाही, हेही मी जाताना बघितलं.

घरी जाऊन विचारलं, चाचा.

आई आता पंचाहत्तरीला आलीय. पिशवीतली पट्टी तिनं बाहेर काढली नाही, वरूनच अंगठा फिरवला. "उंदरानं खाल्ली हुती," म्हणाली. १९८४ ची गोष्ट. बेळगावला पलटणीच्या मेळाव्याला जायचं होतं, आदल्या रात्री ट्रंक उघडली तर संग्राम मेडलची रिबिन कुरतडलेली. पहाटेची गाडी. रात्री कुठं काय मिळणार? माझी शाळेची रिबिन खुंटीवर लोंबत होती. आईनं तिचा तुकडा कापला आणि कंदिलाच्या उजेडात शिवला. वीज गेली होती त्या रात्री, हेसुद्धा तिला आठवतंय.

मला त्या दिवशीचं वेगळंच आठवतंय. एका वेणीला रिबिन, दुसरीला काळा दोरा, आणि बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलेलं. मी आठवडाभर आईशी बोलले नव्हते. रिबिन कुठं गेली ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

"पण आबांनी लावली कशी?" मी म्हटलं. चपला वाकड्या चालत नसत त्या माणसाला. रंगसुद्धा जुळत नव्हता.

"मीबी त्येच म्हटलं. म्हटलं, अहो, सायेब लोक बघत्याल. तर म्हणाले, बघू देत. पोरीची हाय."

नंतर नवी बसवायला त्यांना चाळीस वर्षं होती. कॅम्प काही लांब नव्हता.

आता अडचण अशी आहे, चाचा. तुम्ही लावलेल्या नव्या रिबिनी नियमाच्या आहेत, सुरेख आहेत, फोटोशेजारी नजर ठरत नाही. पण आई म्हणते, जुनीच लाव. मी तिला नियम सांगून बघितला. तर म्हणाली, "त्यांस्नी चाललं, तुझ्या चाचांना चालंल का तेवढं इचार." म्हणून विचारते. नवी काढायची नाही. तिच्या मागच्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही अशी, ही शिवता येईल का? टाके हातानं घालायचं आई म्हणते, तुम्हाला चालणार असेल तर ती स्वतः दुकानात येऊन घालेल, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सुईत दोरा ओवता येतो. १६ डिसेंबरच्या आत झालं तर बरं, त्या दिवशी तिला स्मारकावर न्यायचंय.

गुरुवारी येतो आम्ही दोघी. तुमच्या जेवणाची वेळ टाळून.