मिरजेच्या चाचांना, साडेचार मिलिमीटरबद्दल

चाचा,

सा. न. वि. वि.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, भर पावसात, रेग्झिनच्या काळ्या पिशवीत गिटार घेऊन सांगलीहून आलेली बाई आठवते का? बहुतेक नसेल. सतारमेकर गल्लीत कुणी ना कुणी वाद्य घेऊन भिजत येतच असतं. मी पायरीवर पिशवी ठेवून विचारलं होतं, "जुनी गिटार विकत घेता का हो?" मांडीवरच्या तंबोऱ्यावरून नजर न काढता तुम्ही म्हणालात, "घेत न्हाई. पण बघतो."

त्या "बघतो"साठी हे पत्र. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवील. खासगीत न पाठवता उघड लिहितेय, कारण माझ्यासारखी गिटार पुष्कळांच्या कपाटावर असणार आणि त्यांना तुमच्यासारखं कुणी भेटलेलं नसणार.

गिटार माझी नव्हेच. मुलाने दहावीच्या सुट्टीत हट्ट करून घेतली, दोन महिने झंकारली आणि मग क्लास, बारावी, पुण्याचं इंजिनिअरिंग. तारा न सोडता तो ती तशीच कपाटावर टाकून गेला. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ती खाली काढली आणि घराजवळच्या एका क्लासला नाव घातलं. वर्गात आठ जण, त्यातले सात शाळेतले. एकेक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा जुडगा, शिकत गेले: ई मायनर आला, जी आला, सी रडतखडत आला. डावी बोटं इतकी दुखायची की कणीक उजव्या हाताने मळायचे. टोकांवर तारांचे वळ. ऑफिसातलं हजेरीचं यंत्र एका सकाळी माझं डावं बोट ओळखेना. साहेबांना कारण सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच गप्प बसले.

हे सगळं सोसलं, पण एफ आला आणि मी संपले. तुम्हाला एफ ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पहिल्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, तर्जनी आडवी टाकून साऱ्या तारा एका बोटाने दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी पुढचं सांभाळायचं. माझ्या एफमधून फक्त 'ठप ठप' असा आवाज यायचा, गादी झोडपल्यासारखा. सहा आठवडे झोडपली. मग सर म्हणाले, "मॅडम, चाळिशीनंतर बोटं वळत नाहीत. युकुलेले बघा, चारच तारा असतात." म्हणाले अगदी प्रेमाने, त्यामुळे तर ते जास्त खरं वाटलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एफ सगळ्यांनाच अवघड जातो गं." म्हणजे गुन्हेगार ठरलेला होता, फक्त शिक्षा काय ते ठरायचं होतं.

तुम्ही मात्र बोटांकडे पाहिलंच नाही. तुम्ही गिटार उचललीत, एक डोळा मिटलात आणि दांडी बंदुकीसारखी डोळ्याशी धरून टोकापासून तारा टेकणाऱ्या घोडीपर्यंत नजर फिरवलीत. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे, असं लहानपणापासून ऐकत आले होते. तलवारीचं पातं सरळ आहे का हे असंच बघत असतील, ते त्या दिवशी कळलं. मग खिशातून एकेक रुपयाची नाणी काढलीत आणि बाराव्या पडद्यावर तारेखाली सरकवायला लागलात. एक गेलं. त्यावर दुसरं गेलं. तिसरंही गेलं.

"वाजवा बघू," म्हणालात. मी एफ धरला. ठप. तुम्ही अंगठ्याने पहिल्या पडद्याशी तार दाबलीत आणि तुमच्याच कपाळाला आठी पडली. "ही तार हाय का शेताचं कुंपण? बोटाचा काय गुन्हा हाय ह्यात?"

चाचा, तुमच्या दुकानात मी रडले नाही, ते बसमध्ये.

घरी जाऊन बाराव्या पडद्यापासून तार किती उंच आहे ते स्टीलच्या फुटपट्टीने मोजलं. साडेचार मिलिमीटर. नवख्या माणसाच्या गिटारीला तिथे अडीचच्या आसपास अंतर असलं की पुरे. मला क्लासमध्ये कुणी हे मोजून दाखवलं नव्हतं. बरोबर बसा, अंगठा दांडीच्या मागे ठेवा, बोट पडद्याला चिकटून दाबा, नखं कापा, हे सगळं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ते सगळं माझ्याबद्दल होतं. गिटारीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पुन्हा आले. तुम्ही जे केलंत ते मी स्टुलावर बसून पाहिलं. सगळं लिहीत नाही, पण तीन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, दांडीतली सळई, तारांच्या ओढीविरुद्ध दांडी सरळ धरणारी. ही तुमच्या सतारीत नसते, त्यामुळे पाना नातवाच्या खोक्यातून निघाला. सहा तारांची ओढ मिळून सत्तर किलोच्या पुढे जाते, असं नातवाने सांगितलं. म्हणजे माझ्या वजनाचं माणूस इतकी वर्षं त्या दांडीला लोंबकळत होतं आणि मी म्हणत होते, बाई गं, ही वाकली कशी. नातवाने पाना पाव फेरा फिरवला, तुम्ही "आता बास, उद्या बघू" म्हणालात आणि गिटार रात्रभर ठेवून घेतलीत. लाकडाला झोपू द्यायचं असतं, हे तुमचे शब्द.

दुसरी, घोडीवरची ती पांढरी पट्टी. काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर पसरला, पट्टीवर पेन्सिलची रेघ मारली आणि ती खालच्या बाजूने घासायला घेतली, वरच्या नाही. वरच्या कडेवर तारा टेकतात, तिचा आकार हलला की सूर हलला. मी विचारलं, किती घासणार? "हितं तीन काढलं की तितं दीड उतरतंय." घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणून घोडीपाशी जेवढं काढाल त्याच्या निम्मंच तिथे उतरतं. हा त्रिकोण मी नववीच्या मुलांना शिकवलाय, चाचा, शिकवण्या घ्यायचे तेव्हा! तुम्ही घासायचात, बसवायचात, तारा चढवायचात, दाबून बघायचात, पुन्हा उतरवायचात. तीन वेळा. जास्त गेलं तर परत लावता येत नाही.

तिसरी गोष्ट दांडीच्या टोकाशी, जिथे तारा खाचांतून खुंट्यांकडे जातात. मुलाला कधीच कळलं नसतं, मला तर नाहीच. तुम्ही तिसऱ्या पडद्यावर तार दाबायला लावलीत आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली कागद घालून दाखवलात. पातळ कागदाएवढी फट असावी. माझ्या गिटारीत पोस्टकार्ड घडी करून गेलं असतं. माझा एफ तिथे अडकला होता. पहिला पडदा टोकाच्या अगदी जवळ, तिथे तार उंच असली की ती वाकवायलाच सगळा जोर जातो. बारीक कानशीने एकेक खाच खाली घेतलीत, फुंकर मारलीत, पुन्हा कागद. जुन्या तारा बाराच्या, म्हणजे जाड होत्या, त्या काढून दहाचा पातळ सेट चढवलात. मग नाणी. एक गेलं, दुसरं अडलं.

आणि तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, "आमी जन्मभर जवारी काढतो, तार भणभणली पायजे म्हनून. तुमचं उलटं. भणभणली की वाद्य बिघडलं." तुमच्या बाजूला तो अर्धा झालेला तंबोरा होता, घोडीवर सुताचा धागा सरकवून तुम्ही त्याचा झणकार शोधत होतात. एका मांडीवर झणकार आणायचा, दुसऱ्या मांडीवरचा घालवायचा, आणि दोन्हीला तीच कानस! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. मी खाल्ले होते. कशाचे ते खरं तर या दुकानात समजलं.

आता ते सुराचं. गिटार हातात देताना तुम्ही विचारलंत, "गाता कुठल्या पट्टीत?" मी म्हटलं, माहीत नाही, क्लासमध्ये सगळे सी मध्ये गातात. तुम्ही कोपऱ्यातली पेटी ओढून मला 'सा' लावायला लावलात आणि म्हणालात, काळी तीन, म्हणजे पेटीवरची तिसरी काळी पट्टी. दोन महिने मी सी मध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये, घसा खाली दाबून पुटपुटत होते आणि मला वाटायचं, आवाजही गेलाय वयाने. मग गिटारीच्या पडद्यांवर बोट ठेवत मोजलंत: डी म्हणजे पांढरी दोन. तिथून काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन. चार पडदे. "हितं चिमटा लावा आन् सोपं तेच वाजवा." कॅपो नावाचा तो चिमटा दुसऱ्याच दिवशी घेतला. चौथ्या पडद्यावर लावते, डी, जी, ए वाजवते, आवाज माझा निघतो. गणपतीत आरतीला वाजवलं. झांजांपुढे कुणाला ऐकू आलं नाही, पण मला आलं.

तुम्ही फक्त तारांचे पैसे घेतलेत. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, "आधी ते तुमचं येफ वाजवून दाखवा, मग बघू." म्हणून माझी उधारी अजून आहे. एफ येतो, पण सगळा नाही. पाच तारा बोलतात, दुसरी अजून बसते, तर्जनीच्या पेराच्या खोबणीत जाऊन. बोट जरा कुशीवर वळवलं की कधी कधी बोलते. ती तार मात्र माझी आहे, गिटारीची नाही, त्यामुळे तिच्याशी माझं भांडण नाही.

क्लास सोडला नाही, हेही कळवते. सरांना कागदाची आणि नाण्यांची युक्ती दाखवली. ते जरा अवघडले, पण आता नवं पोरगं आलं की खिशात नाणी शोधतात.

थंडी पडल्यापासून जाडी तार पहिल्या दोन पडद्यांशी करकरायला लागलीय. नातवाला फोन केला तर म्हणाला, लाकूड सुकलं की असं होतं, पावसाळ्यात केलेलं काम हिवाळ्यात एकदा बघावं लागतं. शुक्रवारी मला सुट्टी आहे. नमाज आटोपल्यावर, तीनच्या सुमारास येते. सोबत ऑफिसातली एक मैत्रीणही आहे, तिच्या मुलीची गिटार घेऊन. तीही विकायला काढलीय.

आपली,
सांगलीची गिटारवाली बाई