आढ्याच्या लाकडाचा नंदी

प्रिय संज्या,

त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा हात रंगात होते, नीट बोलणं झालं नाही, म्हणून आता निवांत लिहून राहिलो. पोरासाठी तान्ह्या पोळ्याला ओढायचा लाकडी नंदी बघतोय म्हणालास ना, तो दुकानातून घेऊ नको बे, मी करून राहिलो.

आमचं मातीचं घर उन्हाळ्यात पाडलं. छपराचं सागाचं आढं खाली आलं तर बाबा म्हणाले जाळायला होईल, मी काही ऐकलं नाही, गोठ्यात नेऊन ठेवलं. चुलीच्या धुरानं काळंमिट्ट झालेलं, अन् रंधा मारला तर आतून मधासारखं पिवळं, वास असा की आजीचा अख्खा स्वयंपाक आठवला. इतकी वर्षं सुकलेलं लाकूड आता तडकत नाही, वाकत नाही, ओल्या लाकडाचं आपल्याकडच्या मे महिन्यात काय होतं ते तुला माहीत आहे. त्रास फक्त खिळ्यांचा, एक जरी आत राहिला तरी करवतीचे दात गेले समज.

झूल आणि शिंगांच्या शेंब्या तेलाच्या पिप्याच्या पत्र्याच्या. कडा दुमडून ठोकतो, नाहीतर पोरांचे हात कापतात, यात मी घाई करतच नाही. छपराचा जुना टीनही वापरतो, नव्या जस्ती पत्र्यावर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात, पण चार पावसाळे खाल्लेला असला की छान धरतो. मात्र तो भट्टीत तापवायचा नाही, जस्ताच्या धुरानं ताप भरतो.

वरून कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात, मग चार-पाच दिवस वाळू द्यायचं. मागच्या महिन्यात तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या अन् जेवायला गेलो, येऊन बघतो तर धूर! काडी नाही, विस्तव नाही, ते तेल वाळताना स्वतःच तापतं अन् बोळ्यातली उष्णता बाहेर निघत नाही. बाजूलाच गुरांचं वाळलं कुटार होतं रे. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. आता प्रत्येक चिंधी पाण्यात बुडवून मग तारेवर पसरून वाळवतो, तूही घरी कधी हे तेल वापरलं तर एवढं लक्षात ठेव.

आपण सिंदीला मोठाले नंदी बघायला जायचो आठवते? नागपूरला दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली पोरांसाठी हा सण सुरू केला म्हणतात. मला तर वाटते पोराच्या हातातला नंदी आपल्याच घरच्या लाकडाचा असावा, त्याची गोष्टच वेगळी.

आणि एक सांगायचं राहिलं. आढ्याला एका जागी बोटभर खोल खाच होती, दोरीनं घासून पडलेली, तिथं पाळणा बांधायचे, बाबांचा अन् नंतर माझा. मी लाकूड असं कापलं की ती खाच बरोबर वशिंडाच्या पुढे, मानेवर आली. तिथं रंग दिला नाही, नुसतं तेल. बाबा काल गोठ्यात आले, काही बोलले नाही, त्या खाचेत बोट फिरवत किती वेळ उभे होते.

तुझ्या पोराचा नंदी त्याच तुकड्यातला आहे. चाकं लावून झाली, ओढायची दोरी तेवढी राहिली, पोराची उंची कळव म्हणजे मापानं कापतो. अन् पोळ्याला दोन दिवस आधीच ये, नंदी घेऊन बोजाऱ्याचे पैसे मागायला तो आमच्या घरापासूनच सुरुवात करणार.

तुझाच,
दिन्या