बाबा, गल्ल्या हिंडायचा पगार

शिकागो

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बाय, दिवसभर गल्ल्या हिंडायचा पगार देतात तुला?" देतात. पण हिंडून झालं की लिहावं लागतं, आणि ते छापून आलं तरच नोकरी टिकते. काही वर्षांनी समिती बसते, कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवायला. माझी फाईल सध्या तिथेच आहे. आईला इतक्यात सांगू नका, लगेच नवस बोलेल.

माझ्या गल्ल्या पिल्सनमधल्या. वस्ती बसवली चेक लोकांनी, नावही त्यांच्याच शहराचं. 1960 च्या सुमारास शेजारच्या भागात विद्यापीठासाठी घरं पाडली, तिथले मेक्सिकन इकडे सरकले. आज अठराव्या रस्त्यावर भिंतीभर त्यांची चित्रं आहेत. एका चेक माणसाने 1892 मध्ये बांधलेलं नाट्यगृह अजून उभं आहे. आता भाडी चढलीत आणि मेक्सिकनांनाच बाहेर पडावं लागतंय.

आमच्या विषयाचा, म्हणजे शहरांच्या समाजशास्त्राचा, पाया याच शहरात पडला. बर्जेस नावाच्या प्राध्यापकाने 1925 मध्ये शहराचा नकाशा एकात एक वर्तुळांचा काढला. नवा आलेला माणूस मध्याजवळच्या पडक्या वस्तीत उतरतो, हातात पैसा आला की बाहेरच्या वर्तुळात सरकतो. आम्ही हे विद्यार्थ्यांना अजून शिकवतो. शिकवताना मला लालबागची मंडळाची खोली दिसते. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे तुम्ही सगळे, जेवण खाणावळीत, बायकामुलं गावी, गणपती-शिमग्याला एसटी. 1982 चा संप झाला आणि तुम्ही कुठल्या वर्तुळात गेलात? थेट घरी, भातशेतीवर. बर्जेससाहेबांचा बाण तुमच्यापाशी उलटा फिरतो.

त्यांच्या आधी थॉमस आणि झ्नान्येत्स्की या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत आलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर पाच खंड लिहिले, 1918 ते 1920 मध्ये. सामग्री काय, तर घरची पत्रं! पोलिश वर्तमानपत्रात जाहिरात देऊन विकत घेतलेली. प्रत्येक पत्राची सुरुवात देवाच्या नावाने, मग सगळे खुशाल, तुम्हीही खुशाल असा, मग एकेकाला नमस्कार. कामाचं त्यानंतर. थॉमस म्हणतात, नातं अजून शाबूत आहे हे सांगणं हेच त्या पत्राचं मुख्य काम. (पहिले खंड आले त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने थॉमसना काढलं. कारण वेगळंच होतं, पण समिती बसलेली असताना असलं काही आठवायला नको.)

मला लिहायचंय ते याच धाग्यावर. पिल्सनमधल्या मेक्सिकनांचीही गावावार मंडळं आहेत. नाच, जेवणं ठेवून वर्गणी काढतात, आणि गावचं देऊळ, रस्ता, शाळा करतात. त्यांच्या सरकारने 2002 पासून देशभर एक योजना चालवली होती. मंडळाच्या एका डॉलरला केंद्र, राज्य आणि नगरपालिका एकेक डॉलर घालणार. आपल्या मुंबईकर मंडळाने शाळेची कौलं घातली तेव्हा कुणी दमडी घातली नव्हती, हे मी तिथल्या एका सेक्रेटरीला सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "हिशेब कोण ठेवायचं?"

तर बाबा, मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या आणि जुनी पावतीपुस्तकं माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतील. वाळवी लागली नाही ना, बघा. आईला त्यातलं एक पानही चुलीत घालू देऊ नका. गणपतीला येते आहे, तेव्हा तुम्ही वाचून दाखवायचं आणि मी लिहून घ्यायचं. कुणी किती दिले, कुणाची वर्गणी थकली, सगळं.

तुमची,
बाय