नवी लारा घाबरते, पण उडी कोण मारतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘टूम रेडर’ या संगणकावरच्या खेळाची नायिका लारा क्रॉफ्ट २०१३च्या नव्या खेळात १९९६च्या पहिल्या भागातल्या लारापेक्षा ‘जास्त माणूस’ वाटते, असा आपल्या पुरवणीतल्या लेखाचा सूर होता. चेहरा, आवाज, भीती एवढ्यापुरतं ते खरं आहे. पण खेळणाऱ्याच्या बोटांना काय करावं लागतं, हे लेखात आलंच नाही.

कोअर डिझाइन कंपनीच्या १९९६च्या जुन्या खेळातलं जग सारख्या मापाच्या चौकोनांवर रचलेलं आहे. जागेवरून उडी घेतली तर एक चौकोन पार होतो, धावत घेतली तर दोन. धावत उडी घेऊन हवेतच कीबोर्डवरचं कंट्रोल (पकडायचं बटण) दाबून धरलं, तर तीन चौकोनांपलीकडचा कठडा हाती लागतो. त्यासाठी आधी शिफ्ट धरून कडेपर्यंत चालायचं. शिफ्ट धरलेलं असताना लारा कडेवरून पडत नाही. मग मागच्या बाणानं एक टुणकी मागे घ्यायची, धाव घ्यायला तेवढी जागा नेमकी पुरते. मग पुढचा बाण आणि लगेच ऑल्ट (उडीचं बटण). ऑल्टला उशीर झाला तर बाई धावतच दरीत जातात. कंट्रोल विसरलं तर भिंतीवर आपटतात. खिळ्यांतून शिफ्ट धरून चालल्यास ओरखडाही येत नाही, धावलात की इजा होते. चेहरा ठोकळ्यासारखा असला तरी हिचं कसब खेळणाऱ्याला कमवावं लागे.

क्रिस्टल डायनॅमिक्स कंपनीच्या २०१३च्या नव्या खेळात उडी थोडी चुकली तरी खेळच तिला कठड्याकडे वळवून घेतो. एका हातानं लटकली तर एक बटण दाबायचं. चढायच्या कडा पांढऱ्या फासलेल्या, तरीही वाट दिसली नाही तर ‘सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट’ दाबा, हवी ती वस्तू चमकते. ऐच्छिक थडगी सात, बहुतेकांत कोडं एकच. जुन्या खेळातल्या ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ या टप्प्यात नेपच्यून, ॲटलस, डॅमोक्लीस आणि थॉर यांच्या चार दालनांतून चार किल्ल्या आणल्याशिवाय पुढचं दार उघडत नसे.

आता माणूसपण. नव्या खेळात ती उपाशी असते म्हणून हरीण मारते; त्यानंतर भूक जी गायब होते ती कायमची. पुढची शिकार फक्त अनुभव-गुणांसाठी. पहिला माणूस मारताना ती हादरते, आणि थोड्याच वेळात डोक्यात नेम धरल्याबद्दल खेळ तिला जादा गुण देतो. शेवटापर्यंत खेळातल्या यामाताई बेटावर प्रेतांचा खच पडतो. १९९६च्या खेळात लांडगे, अस्वलं, टी-रेक्स डायनासोर असे पुष्कळ प्राणी मरतात. माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. (दुसऱ्या भागात गुंडांची फौज आली, हे कबूल.) तिसऱ्या भागात ती भारतातल्या जंगलात वाघांवर पिस्तुलं चालवते, ते मात्र ताडोबाच्या आसपास राहणाऱ्यांना खटकणारच.

ज्यांना ताडून पाहायचं असेल त्यांनी पहिल्या तीन भागांची २०२४ची सुधारित आवृत्ती घ्यावी. नियंत्रणात ‘मॉडर्न’ न निवडता ‘टँक’ (बाणांनी जागेवर वळायची जुनी पद्धत) निवडावं, कारण वर सांगितलेली उडीची मापं त्याच पद्धतीत नेमकी बसतात. एफ-वन दाबलं की जुनं आणि नवं चित्र आलटून पालटून दिसतं. आपल्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा जुन्या भागांत प्रत्येक अवघड उडीआधी हातानं सेव्ह करावं. २०१३च्या खेळात चालू प्रसंग आपोआप जतन होतो. जतन होत असल्याचं चिन्ह कोपऱ्यात फिरत असताना संगणक बंद पडला तर जतन केलेली फाइल बिघडू शकते. बॅटरी असलेला लॅपटॉप किंवा इन्व्हर्टर असलेला बरा.

एक विनंती. नव्या खेळात लाराच्या मृत्यूची दृश्यं फार क्रूर आहेत, गळ्यात लाकूड घुसण्यापर्यंत. युरोपात त्याला १८ वर्षांवरील असं मानांकन आहे. पुरवणीत खेळाचं परीक्षण छापताना वयाचं मानांकन शेजारी चौकटीत द्यावं. गावात एकच संगणक असतो आणि त्याभोवती सहावी-सातवीतली पोरंही बसलेली असतात.

आपले,
काही वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा